राखीव दिवसांचं खाणं

ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा पिशवीतून तिने आधी वजनकाटा काढला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवतात तसला सपाट, काचेचा. माझ्या शिवणमशीनशेजारी तो ठेवत म्हणाली, "काका, तुम्ही जे शिवाल ते आधी यावर ठेवायचं. पसंत-नापसंत मग."

मला हसू आलं. माझ्या वडिलांनी डिचोलीत जन्मभर खाणीच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवल्या. ताडपत्री जितकी जड तितकी चांगली, हे ऐकत मी मोठा झालो. खनिजाने भरलेल्या ट्रकावर ती ओढून बांधायला दोन गडी लागायचे. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक दारादारांत उभे राहून गंजले आणि मी मशीन उचलून पेडणे तालुक्यात आलो, धारगळला, हायवेच्या कडेला. इथून समुद्र जवळ. किनाऱ्यावरच्या शॅकची, म्हणजे हंगामी खानावळींची, छतं शिवायची कामं मिळायला लागली. एकदा केरीच्या टेकडीवरून उडणाऱ्या कुणीतरी आपलं फाटलेलं पॅराग्लायडर आणून टाकलं. ते कापड हातात घेतलं तर कांद्याच्या सालीसारखं. माझी खरखरीत बोटं त्यात अडकायची. पण जमलं, आणि मग तसली कामं वाढत गेली.

तिने ते कुणाकडून तरी ऐकलं होतं. ती डिचोलीचीच. तिच्या वडिलांचे चार ट्रक होते आणि त्यांच्या ताडपत्र्या आमच्याकडच्या. वडील वारले तेव्हा ट्रक विकले गेले. आता ती वाळपईला सरकारी पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होती, घरी आई आणि ती, दोघीच. वय तिशीच्या आसपास. थंडी म्हणजे पहाटे अंगावर चादर ओढायची, एवढीच जिथे माणसाला ठाऊक, तिथल्या या मुलीने दर हिवाळ्यात रजा घेऊन उत्तरेला जाऊन बर्फावर स्की करायचं शिकून घेतलं होतं.

"पायाला लांब पट्ट्या बांधायच्या," तिने मला समजावलं. "खाली कातड्यासारखं कापड चिकटवायचं म्हणजे चढताना मागे घसरत नाही. वर पोचलं की ते काढायचं आणि घसरत खाली यायचं. सामान सगळं एका छोट्या घसरगाडीत. ती कमरेला बांधून ओढायची."

"ओढणार कोण?"

"आम्हीच. दोघं आहोत. खेचर नाही, हमाल नाही, वाटेत गाव नाही. अठरा दिवस."

"आणि काही विसरलं तर?"

"विसरायचं नाही."

"जास्त घेतलं तर?"

"मग पोचायचंच नाही," ती म्हणाली आणि काट्यावर बोट ठेवून तो सुरू केला.

कामं बरीच होती. दोन्ही घसरगाड्यांची वरची कव्हरं, तंबूचं नवं दार, बुटांवर चढवायची खोळ, हातमोज्यांवरचे जाडे मोजे. आणि दोघांत मिळून एकच पिसांची रजई. माझी बायको दुकानात काजांचं आणि हातशिलाईचं काम करते. तिने हे ऐकून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या खेपेला मुलीबरोबर तिचा जोडीदार आला तेव्हा बायकोनेच विषय काढला.

तो सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. सावंतवाडीकडचा. पन्नाशी ओलांडलेली, अंगात मांस कमी आणि हाडं जास्त. उत्तरेकडच्या डोंगरांत नोकरीची बरीच वर्षं काढलेली. मुलीला बर्फावर उभं राहायला त्यानेच शिकवलं होतं. बायकोने विचारल्यावर तो जराही न लाजता म्हणाला, "ताई, दोन रजया म्हणजे सातशे ग्रॅम जास्त. आणि तिथे शेजारी झोपलेला माणूस म्हणजे फक्त ऊब. बाकी कशाची शुद्ध राहत नाही." मग मुलीकडे बघून म्हणाला, "माझ्या मुलीपेक्षा ही दोन वर्षांनी लहान."

बायकोने पुन्हा विचारलं नाही. पण तो गेल्यावर म्हणाली, "ह्या माणसाला घरी परत यायची घाई दिसत नाही."

मी तेव्हा तिला वेड्यात काढलं.

त्याची एक रीत होती. वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, "ही नसली तर मरू का?" उत्तर "नाही" आलं की वस्तू बाजूला. पिशव्यांना मी सवयीने जाड पट्टे लावले होते, त्याने ते अर्ध्यावर कापायला लावले. आतली लेबलं काढली. झिपेला धातूची ओढणी असते, ती काढून दोऱ्याची गाठ मारायला लावली. टोकं उसवू नयेत म्हणून मी तापलेल्या सुरीने कापडाच्या कडा जाळतो. जाळताना पाव इंच जास्त सोडतो, आमच्या धंद्यात तो अंगवळणी पडलेला हिशेब. त्याने तोही कापायला सांगितला.

आणि खरं सांगायचं तर मलाही त्याची गोडी लागली. दुसऱ्या आठवड्यात मी न सांगता कापायला लागलो. काट्यावर आकडा खाली आला की बरं वाटायचं, जेवताना मी बायकोला सांगायचो की आज एकशे दहा ग्रॅम उतरवले. गाडीच्या कव्हरला दुहेरी शिवण होती, ती मीच सुचवून एकेरी केली. वडील असते तर त्यांनी मशीनवरून उठवलं असतं.

सराव तर डोळ्यांनी बघितला. खाणीच्या मातीचे जे डोंगर डिचोलीच्या बाहेर पडून आहेत, त्यांच्यावर ती सकाळी पाठीवर पाण्याचे कॅन बांधून चढायची. रविवारी दोघं केरीच्या किनाऱ्यावर कमरेला दोर बांधून ट्रकाचे जुने टायर ओढायची. मार्च संपत आलेला, वाळू तापलेली. मी एकदा मोजे घेऊन तिकडे गेलो होतो. पर्यटक उभे राहून फोटो काढत होते. ती माझ्यासमोरून गेली, तोंड उघडं, डोळे पुढे लागलेले. मी हाक मारली. तिने ऐकलीच नाही. सुभेदार तिच्या दहा पावलं पुढे होता आणि एकदाही मागे वळून बघत नव्हता.

त्याच आठवड्यात त्यांचा सॅटेलाइट फोनचा अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं. त्या भागात साधा मोबाइल चालत नाही. मला वाटलं, आता थांबतील. सुभेदार म्हणाला, "चारशे ग्रॅम वाचले."

मुलगी तेव्हा हसली नाही, हे माझ्या लक्षात आहे. ती मशीनच्या मेजावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करत बसली होती.

त्यानंतर दोन दिवसांनी तिची आई आली. डिचोलीहून बस बदलत, भर दुपारची. मी तिला ओळखत होतो. ट्रकांच्या काळात वडिलांबरोबर त्यांच्या घरी गेलो की तिच्या हातचा चहा व्हायचा. बायको जेवायला गेली होती. आई कदेलीवर, दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर, बसली, पदराने मान पुसली, भिंतीवर टांगलेल्या त्या चकचकीत कापडाकडे बघत राहिली.

"हेच काय ता?"

"हेच."

"किती पातळ आसा."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ती प्यायली नाही.

"दादा, माझां एकच चेडू आसा," ती म्हणाली. "तिका मी सांगून थकलंय. ती ऐकणारी नाय. तुमच्या कामाशिवाय तिका जावक येणार नाय ना?"

"नाही येणार. कव्हरं नाहीत तर सामान ओलं होईल."

"मग उशीर करा."

मी तांब्या खाली ठेवला.

"पंधरा दिवस उशीर करा. तिथला बर्फ वितळाक लागता, मग जाता येणा नाय. माझ्या कानार पडलां हा. तुमका कोण काय म्हणूचा नाय. शिवणाऱ्याक उशीर होताच."

त्यात टोमणा नव्हता. तिने विचार करून काढलेला तो मार्ग होता आणि मला तो पटला. पंधरा दिवस म्हणजे काय? शॅकवाल्यांना मी महिना महिना थांबवलेलं आहे. मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती उठली, दारात थांबून म्हणाली, "तुमच्या वडलांका तिच्या पप्पांनी कधी घाई केली नाय," आणि बसथांब्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून कुरिअर आलं. तीन नंबरची झिप, अगदी बारीक दातांची; कव्हरांना आणि तंबूच्या दाराला तीच लावायची होती. एवढंच काम उरलेलं. मी पाकीट उघडलं, मापून बघितलं आणि पुन्हा बंद केलं. मेजाखाली जुनी ताडपत्री घडी करून ठेवलेली असते, तिच्याखाली सरकवलं.

संध्याकाळी मुलगी ऑफिसातून परस्पर आली. "आली का झिप?"

"नाही आली."

"कुरिअरवाल्याला फोन करू का मी?"

"मी केलाय. उद्या म्हणतो."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "म्हापशात मिळते ती पाच नंबरची लावा ना काका."

मी त्याला तयारच होतो. म्हापशाच्या झिपेचा तुकडा काट्यावर ठेवला, हिशेब करून दाखवला. "सगळी मिळून नव्वद ग्रॅम जास्त पडेल."

ती आकड्याकडे बघत राहिली. "मग नको," म्हणाली. तिला कुठे धरायचं ते मला कळलं होतं, आणि तसं धरलं याची मला त्या वेळी लाजही वाटली नाही.

त्यांची तिकिटं एकदा पुढे ढकलली गेली, मग दुसऱ्यांदा. मी मनात दिवस मोजत होतो. पण पाचव्या दिवशी सकाळी सुभेदार एकटाच आला. सावंतवाडीहून मोटरसायकलवर. आवाज न चढवता म्हणाला, "तुमची अडचण असेल. उद्यापर्यंत नाही झालं तर आमची जुनी कव्हरं आहेत, त्यांवर जातो. मागच्या वर्षी कोपऱ्यात फाटली होती, दोऱ्याने टाचून घेईन."

"आणि तंबूचं दार?"

"दार बांधून घेऊ."

तो हे करील याबद्दल मला शंका उरली नाही. मी उशीर केला तर ती जायची थांबणार नव्हती, फक्त फाटक्या सामानावर जाणार होती. तो गेल्यावर मी पाकीट काढलं. बायको बघत होती. तिने विचारलं, "हे कधी आलं?" मी मशीन सुरू केलं. दुपारी तीनपर्यंत सगळं झालं आणि मी मुलीला फोन करून सांगितलं की झिप आत्ताच आली.

शेवटची बांधाबांध डिचोलीला त्यांच्या घरी झाली. एका कव्हराची दोरी आखूड होत होती म्हणून मला बोलावलं होतं. पुढच्या खोलीत जमिनीवर सगळं मांडलेलं. मधे वजनकाटा, भिंतीपाशी जेवणाच्या पिशव्यांची रांग. एका दिवसाची एक पिशवी. सातू, काजू, चीज, सुकं मटण, साखर. प्रत्येक पिशवीवर काळ्या पेनाने आकडा लिहिला होता, एक ते तेवीस. आई आतल्या दारात उभी होती.

मी खाली बसून दोरी बदलत होतो. सुभेदार रांगेच्या टोकाला गेला आणि एकोणीसपासून तेवीसपर्यंतच्या पाच पिशव्या उचलून मेजावर ठेवल्या.

"त्या का काढल्या?" मी विचारलं.

"त्या राखीव दिवसांच्या होत्या. वादळात अडकलो तर बसून काढायचे पाच दिवस." तो माझ्याशी असं बोलत होता जसं कुणी पत्ता सांगतं. "त्या भागात जायच्या सरकारी परवान्याची शेवटची तारीख बदलत नाही. आत जायला पाच दिवस उशीर झाला म्हणजे राखीव दिवस संपले. दिवसच नाहीत तर त्यांचं खाणं ओढत कशाला न्यायचं? चुलीचं तेलही तेवढं कमी."

"तिथे अडकलात तर?"

"अडकायचं नाही."

मुलगी काट्यापाशी बसली होती. पाच पिशव्यांचं वजन तिने वहीत वजा केलं. "साडेसहा किलो," ती म्हणाली. "तेलासकट आठ."

माझ्या हातातली दोरी तशीच राहिली. मी आईकडे पाहिलं. तिला यातलं काही कळलेलं नव्हतं. ती मला डोळ्यांनी खूण करत होती, म्हणजे असं की तुम्ही प्रयत्न केलात, चालायचंच. मला तेव्हा बोलायला हवं होतं. झिप पाच दिवस माझ्याकडेच होती, तुम्ही निघू नये म्हणून मी लपवली, आता तेल आणि पिशव्या परत घ्या नाहीतर जाऊ नका, एवढी तीन वाक्यं. ती तोंडात तयार होती. खोलीत चौघं होतो. दुसरं कुणी ऐकायला नव्हतं.

मी दोरीला गाठ मारली, सुरीने टोक जाळलं आणि म्हणालो, "झालं."

ते दोघं दुसऱ्या दिवशी मडगावहून गाडीने गेले.

शेवटचा फोन रस्ता संपतो तिथून आला, आईला. आवाज तुटत होता, थंडी बरी आहे म्हणाली, सामान हलकं आहे म्हणाली. आईने ते मला येऊन सांगितलं. येताना वर्तमानपत्रात गुंडाळून सहा मानकुराद घेऊन आली, घरच्या झाडाचे, वर्षातले पहिले. "तुम्ही माझ्या शब्दाक मान दिलास," ती म्हणाली. "नशिबात जाणां होतां, ती गेली. पण तुमचे उपकार मी विसरणार नाय."

ते आंबे मी घरी नेले. खाऊ शकलो नाही. बायकोने शेजारी दिले आणि का, ते विचारलं नाही.

त्यानंतर अठरा दिवस मी नेहमीसारखी कामं केली. हंगाम संपत आला होता, शॅकवाले छतं उतरवून दुरुस्तीला आणत होते. मीठ बसून कडक झालेल्या त्या कापडांच्या थप्प्या दुकानात लागल्या. मी रोज सकाळी मनात एक पिशवी संपवायचो. आज नऊ. आज चौदा. मोबाइलवर तिकडचं हवामान बघायला मुलीनेच मला शिकवलं होतं, ती असताना गंमत म्हणून. तेराव्या दिवसापासून तिथे रोज तेच चित्र यायचं, करडा ढग आणि खाली ठिपके. मी दिवसातून दहा वेळा बघायचो. बायको म्हणाली, "बघून थांबणार आहे का तो?"

अठरावा दिवस गेला. एकोणिसाव्याला आई सकाळी दुकानात आली आणि कदेलीवर बसली. घरी एकटीला बसवेना म्हणाली. विसाव्याला पुन्हा आली. मशीन चाललं की तिला बरं वाटायचं, म्हणून हाताशी काम नसलं तरी मी चिंध्यांवर शिवणी घालत राहायचो. हायवेवर ट्रकाचा ब्रेक वाजला की दोघं दचकायचो. एकविसाव्याला तिकडच्या एका ऑफिसातून तिला फोन आला. मुदत संपली, दोघांनी परत आल्याची नोंद केलेली नाही, घरी काही कळलंय का. तिने फोन माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस चांगला होता. म्हणाला, हवा उघडली की हेलिकॉप्टर पाठवायचं बघतो, आत्ता काही दिसत नाही. मग विचारलं, "त्यांच्याकडे खाणं किती दिवसांचं आहे?"

आई माझ्याकडे बघत होती.

"अठरा," मी म्हणालो.

त्याने पुढे विचारलं, "राखीव?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. त्याने लिहून घेतल्याचा आवाज मला ऐकू आला असं मला अजून वाटतं. तसा आवाज फोनवर येत नाही, हेही कळतं.

आईला मी सांगितलं की ते शोधताहेत.

ते पंचविसाव्या दिवशी डोंगराच्या पलीकडच्या बाजूला सैन्याच्या एका चौकीवर पोचले. आपल्या पायांनी. मुलीने चौकीवरून आईला फोन केला आणि आईने माझ्या दुकानात, माझ्यासमोर तो घेतला. ती नुसती "हां, हां" म्हणत राहिली. मग फोन ठेवून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोठ्याने रडली. बायकोने तिला धरलं. मी बाहेर गेलो आणि हायवेच्या कडेला उभा राहिलो.

सुभेदाराच्या डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. मुलीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली होती. ती बोटं वाचली, पण तिथे स्पर्श परत यायला खूप दिवस गेले.

ती महिन्याने दुकानात आली. ओळखू येत नव्हती. गालांवर हाडं, कातडं भाजल्यासारखं, आवाज मात्र तोच. बायकोने पेज आणि खाराची कैरी पुढे ठेवली. ती एवढी सावकाश जेवली की बघवेना. मग तिने आपणहून सांगितलं. खिंडीच्या अलीकडे वादळाने गाठलं. एक दिवस, दोन दिवस, असे सहा दिवस तंबूत. एका पिशवीचे दोन भाग केले, मग चार. चौथ्या दिवशी तेल संपलं. तेल नाही म्हणजे बर्फ वितळत नाही, म्हणजे पाणी नाही. बाटलीत बर्फ भरून ती अंगाला लावून झोपायची, सकाळी दोन घोट मिळायचे. सुभेदाराचे बूट ओले झाले ते सुकलेच नाहीत. तो तिला म्हणायचा, पाय दुखत नाहीत, हे चांगलं लक्षण आहे. ते चांगलं लक्षण नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तुमची शिवण सुटली नाही," ती म्हणाली. "एकेरी असून."

मला आणखी थांबता येईना. "बाय," मी म्हणालो, "ती झिप."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तिसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तुम्ही चहाला गेला होता. मी इथे खाली बसले, ताडपत्री पुढे ओढली बसायला. पाकीट तिथेच होतं. उघडून पुन्हा बंद केलेलं."

बायकोच्या हातातलं काम थांबलं.

"मग बोलली का नाहीस?" मला स्वतःचाच आवाज वेगळा वाटला. "तू उलट मला म्हापशाची झिप लावा म्हणालीस."

"तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं. तुम्ही नव्वद ग्रॅमचा हिशेब काढलात तेव्हा मला हायसं वाटलं." ती सुन्न झालेली बोटं दुसऱ्या हाताने चोळत होती. "मला भीती वाटत होती काका. फोन नाही म्हटल्यापासून. सुभेदारांना मी येत नाही असं सांगायची छाती नव्हती. दोन वर्षं ते या एका गोष्टीवर जगत होते. मला वाटलं, तुम्ही लपवलंय तर लपवू दे. अजून आठ-दहा दिवस लावतील, बर्फ जाईल, कुणालाच काही बोलावं लागणार नाही. आणि मग तुमचा फोन आला, झिप आत्ताच आली म्हणून."

मी म्हटलं, "पिशव्या काढल्या तेव्हा तरी."

"तेव्हा तुम्हीही तिथेच होता," ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. ती थोडा वेळ बसली, बायकोने बांधून दिलेली कैरी घेतली आणि स्कूटरवरून गेली. एक हात हँडलवर नीट बसत नव्हता.

आईला मी सांगायचं ठरवलं, आणि चतुर्थीच्या आधी डिचोलीला जाऊन सांगितलं. झिप, पाच दिवस, पाच पिशव्या, सगळं. गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधायची फळं ती निवडत बसली होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. संपल्यावर म्हणाली, "दादा, ता मी सांगितलंय. तुम्ही नाय." आणि थोड्या वेळाने, "तिका ठावूक आसा?"

"आहे."

"काय म्हणाली?"

तिची मुलगी घाबरली होती, हे तिला कळलं असतं तर कदाचित बरं वाटलं असतं. कदाचित पुढच्या वेळी तिने तिला घट्ट धरून ठेवलं असतं. पण ते मुलीने मला सांगितलं होतं, आईला नाही. "काही नाही म्हणाली," मी म्हणालो. आईने मान हलवली. तिचा विश्वास बसला की नाही ते मला ठरवता आलं नाही.

यंदा दिवाळी झाल्यावर सावंतवाडीहून एक पाकीट आलं. आत वर्तमानपत्राचे दोन तुकडे, प्रत्येकावर पेन्सिलीने पावलाची कड काढलेली. डावं उजव्यापेक्षा आखूड आणि पुढून तिरकं कापल्यासारखं. बरोबर चिठ्ठी, बुटांवरच्या नव्या खोळीसाठी मापं, वजन मागच्यापेक्षा कमी ठेवावं. मी फोन करून विचारलं, बरोबर कोण आहे. तो म्हणाला, अजून ठरलं नाही. मी विचारलं, राखीव दिवस किती धरलेत. तो म्हणाला, "तुम्ही शिवायचं बघा."

मुलीला मी त्याबद्दल विचारलेलं नाही. सुटीच्या दिवशी ती कधी इकडे येते, चहा घेते, माझ्या मेजावरच्या मापांकडे बघते आणि निघते. खोळ मी शिवली, दुहेरी शिवणीची, आणि ठरलेल्या दिवशी पाठवून दिली.